घारापुरी

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील लेण्यांसाठी जगप्रसिद्ध असलेले बेट. बेटाचे क्षेत्रफळ भरतीच्या वेळी सु. १० चौ. किमी., तर ओहोटीला सु. १६ चौ. किमी. भरते. मुंबईच्या अपोलो बंदरापासून अंतर सु. १० किमी. शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर ही येथील गावे.

मुख्य शैव लेणे सहाव्या शतकाच्या मध्याचे असून ते कलचुरींच्या काळात कोरले गेले, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यातील भव्य सदाशिव ‘त्रिमूर्ती’ म्हणून ओळखला जातो. पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध अवशेष आहेत. १९८७ मध्ये लेण्यांचा जागतिक वारशात समावेश झाला.

बेटाला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटले ते राजबंदराजवळच्या दगडी हत्तीवरून. एकाच काळ्या पाषाणात घडवलेला हा हत्ती सु. ४ मी. लांब व २ मी.हून अधिक उंच होता. १७१२ मध्ये कॅप्टन पाइक याने काढलेल्या चित्रात त्याच्या पाठीवर एक लहान हत्तीही दिसतो. पुढच्या काहींना तो वाघ वाटला, इतका तो झिजला होता. सतराव्या शतकातील प्रवासी एका दगडी घोड्याचाही उल्लेख करतात. त्याचा आता मागमूस नाही. सप्टेंबर १८१४ मध्ये हत्तीची मान व डोके गळून पडले आणि पुढे धडही ढासळले. १८६४ मध्ये हे तुकडे मुंबईला, तेव्हा नव्यानेच झालेल्या व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये (राणीची बाग, आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, भायखळा) नेण्यात आले. तेथे पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, कॅडेल व ह्यूएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. जवळ गेल्यास अंगावरचे सांधे दिसतात. स्थलांतरामुळे हत्ती वाचला, हे मान्य करावे लागते. पण ज्याच्यावरून बेटाची जगभर ओळख झाली, त्याची निदान हुबेहूब प्रतिकृती राजबंदरावर असायला हवी.

रहिवाशांचा चरितार्थ पर्यटन, मासेमारी व थोड्या भातशेतीवर चालतो. समुद्राखालील केबलद्वारे फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज आली.

गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने बेटावर जाता येते. हत्ती पाहिल्याशिवाय घारापुरीचे दर्शन पुरे होत नाही, म्हणून अभ्यासूंनी भायखळ्यालाही अवश्य जावे. लेणी सोमवारी, तर उद्यान व संग्रहालय बुधवारी बंद असते.