मूर्वेचा शोध

काशीच्या पाठशाळेत अमरकोश घोकणाऱ्या विद्यार्थ्याला वनौषधिवर्गात मूर्वा भेटे. तिच्या पाठोपाठ मधुरसा, तेजनी, स्रवा, गोकर्णी, पीलुपर्णी ही तिचीच नावे त्याच्या तोंडी बसत. पुढे मनुस्मृती हाती आली, की क्षत्रिय बटूची मेखला मूर्वेच्या धाग्याची असावी, हा विधी तो वाची. धनुष्याच्या दोरीला मौर्वी म्हणतात तेही ह्याच वनस्पतीवरून. एवढा शब्दांचा गोतावळा पाठ झाला, तरी रानातली मूर्वा नेमकी कोणती, हे सांगणे कोशाच्या आवाक्यातले नव्हते.

कलकत्त्याचा न्यायाधीश सर विल्यम जोन्स १७८४ साली काशीस येऊन गेला. मनुस्मृतीचा त्याने केलेला इंग्रजी अनुवाद १७९४ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तो वारला. भारतीय वनस्पतींवरील त्याची टिपणे पुढल्या वर्षी ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या चौथ्या खंडात छापली गेली. त्यांत मूर्वा आहे. मनूची मेखला आणि धनुष्याची दोरी, हाच धागा धरून जोन्सने तलवारीसारख्या लांब, जाड पानांच्या एका झुडपाला मूर्वा ठरविले. त्याच्या पानांतून चांगला वाख निघतो, हे खरेच आहे. बंगालचे वैद्यही ह्याच झुडपाला मूर्वा म्हणत आले आहेत.

काशीहून गंगेच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे गेले, की राजमहालच्या टेकड्या लागतात. तेथील पहाडी लोक धनुष्याची दोरी एका रानवेलीच्या वाखाची करीत. कोवळ्या, जोमदार फांद्यांच्या सालीतून ते हा रेशमासारखा तलम वाख काढीत. १७९३ पासून कलकत्त्याच्या कंपनी बागेचा प्रमुख असलेल्या विल्यम रॉक्सबर्गने ह्या वेलीची परीक्षा केली. समोरासमोर येणारी, हृदयाच्या आकाराची, मखमली लवेची रुंद पाने. तोडताच पाझरणारा दुधी चीक. हिरवट पिवळ्या बारीक फुलांचे झुबके. आणि शेंगेत रेशमी तंतूंचा तुरा ल्यालेल्या बिया. शास्त्राच्या दप्तरी अशी वेल नव्हती. तिच्या वाखाच्या दोरीला त्याने वजने टांगून पाहिली, तेव्हा भांगेच्या वाखाहून ती अधिक भार पेलते असे दिसले. म्हणून त्याने तिला ‘टेनॅसिसिमा’, म्हणजे अत्यंत चिवट, असे नाव दिले. ‘कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पती’ ह्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात तिचे वर्णन चित्रासह आले. रॉक्सबर्गने तिला रुईच्या वंशात घातले होते. पुढे ती ‘मार्स्डेनिया’ ह्या वंशात गेली. मार्स्डेन हा सुमात्राचा इतिहास लिहिणारा इंग्रज. राजमहालच्या वेलीशी त्याचा काडीइतकाही संबंध नव्हता!

ज्या वेलीला शास्त्राने नवी म्हटले, तिच्या दोरीने पहाडी लोक कधीपासून बाण सोडीत होते. मग हीच का जुनी मूर्वा? दोरीची खूण दोघींनाही लागू पडते, तेव्हा तेवढ्यावर निवाडा होत नाही. परंतु अमरकोशातली नावे पाहावीत. तलवारीसारख्या पानाला गाईचा कान कोण म्हणेल? राजमहालच्या वेलीचे पान मात्र ‘गोकर्णी’ ह्या नावाला शोभते, आणि तिचा चीक ‘स्रवा’ ह्या नावाला. जोन्सने दोरी पाहिली, नावांकडे पुरेसे पाहिले नाही, असेच म्हणावे लागते.

प्रांतोप्रांतीचे वैद्य मात्र आपापल्या मूर्वेला धरून राहिले. केरळात मोठ्या, सुगंधी पांढऱ्या फुलांची एक चिकाळ वेल मूर्वा म्हणून चाले. महाराष्ट्रात मोरवेल, म्हणजेच रानजाई, तिची जागा घेई; हिला तर चीकच नाही. ह्या गोंधळातून वाट काढण्याचा एक मोठा प्रयत्न काशीतच झाला. ठाकुर बलवंत सिंह आणि कृष्णचंद्र चुनेकर ह्यांनी चरक, सुश्रुत आणि वाग्भट ह्यांच्या ग्रंथांतील वनस्पतिद्रव्यांचा कोश रचून जुन्या नावांना शास्त्रीय नावांची जोड दिली. चौखंबा संस्थेने तो १९७२ साली वाराणसीहून प्रसिद्ध केला.

भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशाने १९९९ च्या खंडात मूर्वा म्हणून रॉक्सबर्गच्या वेलीचे मूळ मान्य केले. पण बाजारात मूळ येते ते वाळलेले आणि तुकडे केलेले. गाईच्या कानासारखे पान, दुधी चीक, धनुष्याला पुरणारा वाख, ह्यांपैकी एकही खूण त्यात उरलेली नसते. मग त्याचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना ताडून पाहावी लागते.