जॅकस्टे

भर समुद्रात दोन युद्धनौकांदरम्यान माणसांची ने-आण करण्याची दोराची योजना. नौका साधारण 30 ते 60 मीटर अंतर राखून, एकाच वेगाने समांतर चालतात. आधी बंदुकीतून बारीक दोरी पलीकडे फेकतात. तिच्यामागून जाड दोर ओढला जातो. त्यावर फिरत्या कप्पीला खुर्ची टांगलेली असते. खरे कसब दोर ताणून धरण्यात आहे: लाटांनी नौका डोलल्या की दोर सैल पडतो किंवा तुटू पाहतो. म्हणून माणूस नेताना एक टोक खलाशांची रांग हातांनीच सांभाळते. यंत्रापेक्षा हात अधिक भरवशाचे. भारतीय नौदलाच्या मुंबईस्थित पश्चिम ताफ्यात हेलिकॉप्टरे असूनही हा सराव होतो.