ट्रंकेतला दाखला

दिवाळीच्या साफसफाईत आमची जुनी पत्र्याची ट्रंक दरवर्षी उघडते. तिच्या तळाशी आजोबांचा व्हर्नाक्युलर फायनलचा दाखला आहे. मराठी सातवीची ही परीक्षा. ती पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळे, आणि गावातली माणसे अर्ज लिहून घ्यायला त्याच्या ओटीवर येऊन बसत. आजोबा सहीपुढे 'व्ह. फा.' अशी अक्षरे घालीत. आम्हा पोरांना त्याचे हसू येई.

त्याही पूर्वी, पेशवाईत, परीक्षा म्हणजे श्रावणातली दक्षिणा. पुण्यात शास्त्रीमंडळी विद्या पारखीत आणि योग्यतेप्रमाणे रुपये मिळत. मात्र ते ब्राह्मणांनाच. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले. १८६२ साली त्याचे पहिले चार पदवीधर झाले : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. या साऱ्या शिक्षणाचा उंबरठा म्हणजे मॅट्रिक, आणि तो किती उंच हे ओलांडणारा कुठून आला त्यावर ठरे.

भीमराव आंबेडकरांचेच पाहा ना. शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुणांनी; शेकडा अडतीससुद्धा भरत नाहीत! तरी मुंबईत त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आज एवढ्या गुणांवर घरात पेढेसुद्धा आणायचे की नाही, याचा विचार होईल.

१९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस्. एस्. सी. आली, पण लोकांच्या तोंडी मॅट्रिकच राहिली. १९७५ साली तर अकरावीची जुनी आणि दहावीची नवी अशा दोन एस्. एस्. सी. एकदमच झाल्या. आमच्या घरात चुलतभाऊ जुन्या परीक्षेला आणि मी नव्या. "दोघेही मॅट्रिकच ना रे?" आजोबा पुनःपुन्हा विचारीत. भाऊ म्हणे, माझी एक इयत्ता जास्त. ते भांडण अजून मिटलेले नाही.

माझी नात २०२१ साली दहावी झाली. कोरोनामुळे परीक्षाच रद्द झाली होती. शाळेतल्या मूल्यमापनावर राज्यात शेकडा ९९.९५ मुले उत्तीर्ण झाली. तिने वर्षभर अभ्यास केला होता, आणि तो दाखवायला पेपरच नव्हता. "आजोबा, मी पास झाले म्हणजे नक्की काय झाले?" तिने विचारले. मला उत्तर सुचले नाही. पुढे 'कोरोना बॅच' म्हणून झालेली थट्टा तिला बरीच लागली.

यंदा ट्रंक तिनेच उघडली. व्ह. फा.चा दाखला उजेडात धरून बराच वेळ वाचला.

"खापरपणजोबांना परीक्षेत काय काय विचारलं होतं हो?"

मी आजोबांना ते कधी विचारलेच नव्हते.