मद्याच्या भट्टीपासून महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंत

रायगड जिल्ह्याचा, म्हणजेच पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचा किनारा नारळी-पोफळीच्या बागा आणि जलदुर्ग यांसाठी सर्वश्रुत आहे. त्याच किनाऱ्याला नशेच्या व्यापाराचाही दीर्घ इतिहास आहे. विद्यार्थ्यांना व्यसन व हिंसा यांपासून दूर ठेवू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो जाणून घेणे अगत्याचे ठरते.

एकोणिसाव्या शतकात उरण हे मद्यनिर्मितीचे मोठे केंद्र होते. मोहाच्या फुलांची दारू तेथील भट्ट्यांतून गाळली जाई व मुंबई शहरास पुरविली जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हा व्यवसाय सरकारच्या कडक नियंत्रणाखाली आला. परंतु त्या कायद्याचा भर महसुलावर होता. स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ च्या कायद्यान्वये १९५० पासून मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. तथापि हातभट्टीने तिला आतून पोखरले आणि साठच्या दशकापासून ती सैल होत गेली. राज्याची तिजोरी आणि राज्याचे तारुण्य यांतील हा झगडा आजही मिटलेला नाही.

ऐंशीच्या दशकात ‘गर्द’ने मुंबई-पुण्यातील तरुणांना ग्रासले. १९८५ साली केंद्राचा अमली पदार्थविरोधी कायदा आला. पाठोपाठ २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनी मुलगा हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी त्यातून समाजात रुजली. पुढे कायद्यानेही ती स्वीकारली. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास कलम ६४-अ अन्वये, ठरावीक मर्यादेत, खटल्यापासून संरक्षण मिळते. अनेक पालकांना याची वार्ता नसते, आणि लोकलज्जेपायी उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो.

महाविद्यालयीन हिंसेची कथाही अशीच उद्बोधक आहे. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याची हत्या झाली. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका थांबविल्या. मारामाऱ्यांचे एक निमित्त गेले, पण मतभेद चर्चेने सोडविण्याची शाळाही त्याबरोबर बंद झाली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा करावी लागली.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्येच कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि दोषी विद्यार्थ्यास पाच वर्षे अन्यत्र प्रवेशबंदी, अशा त्यातील शिक्षा आहेत. त्याहून महत्त्वाची तरतूद प्राचार्यांविषयीची आहे. तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे त्यांना बंधनकारक असून, कानाडोळा केल्यास ते गुन्ह्यास साहाय्य समजले जाते. मौनालाही दोष मानणारी ही तरतूद खऱ्या अर्थाने प्रतिबंधक होय.

मौनाचे मोल या किनाऱ्याने चुकविले आहे. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे स्फोटके उतरविली गेली, तेव्हा काही रक्षकांनीच डोळे मिटले होते. त्या स्फोटकांनी १२ मार्चला मुंबई हादरली. ऑगस्ट २०२३ मध्ये श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे लाटांबरोबर वाहत आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खोपोली परिसरात मेफेड्रोन बनविणाऱ्या ठिकाणांवर पोलिसांनी छापे घातले. एकेकाळी दूरच्या महानगराचा मानला गेलेला धोका आता गावच्या वेशीत आहे.

इतिहासाचा कौल स्पष्ट आहे. केवळ बंदीने व्यसन हटले नाही आणि केवळ शिक्षेने हिंसा थांबली नाही. जेथे प्राचार्यांनी वेळीच चौकशी केली, पालकांनी लज्जा सोडून उपचारांचा मार्ग धरला, तेथे मुले सावरली. व्यापाऱ्यांचे कर्तव्यही लहान नाही. २००३ च्या कायद्याने शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई केली आहे. ते अंतर पोलिसाने फितीने मोजण्याआधी दुकानदाराने स्वतःच्या विवेकाने मोजावे. जैन आचार्यांनी सप्तव्यसनांत मद्य आणि शिकार यांना एकाच पंक्तीत बसविले, त्यामागील मर्म हेच आहे: नशा आणि हिंसा एकाच घराची दोन दारे आहेत. एक उघडे ठेवून दुसरे बंद राहत नाही.