न्यूट्रॉन तारा व कृष्णविवर यांचे संमीलन : एका अनुमानाचा इतिहास

एखादी घटना किती वेळा घडते हे सांगण्यापूर्वी ती निदान एकदा तरी दिसलेली असावी, अशी सामान्य समजूत असते. प्रस्तुत विषयात मात्र मोजदाद आधी झाली आणि घटना मागाहून दिसली.

१९७४ साली लॅटिमर व श्रॅम यांनी न्यूट्रॉन तारा व कृष्णविवर यांच्या टकरीचा विचार मांडला. त्याच वर्षी हल्स व टेलर यांना दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे युग्म गवसले. अशा ज्ञात युग्मांवरून १९९१ मध्ये नारायण, पिरान व शेमी यांनी, आणि स्वतंत्रपणे फिनी यांनी, संमीलनांचे प्रमाण काढले. परंतु कृष्णविवराभोवती फिरणारा एकही स्पंदक खात्रीने ज्ञात नव्हता; तो आजही नाही. त्यामुळे तारकीय उत्क्रांतीचे गणित तेवढे हाती उरले. त्या गणिताची अवस्था २०१० च्या संकलनावरून कळते : एक अब्ज पार्सेक बाजूच्या घनात वर्षाला ०.६ पासून १००० पर्यंत संमीलने! याला अनुमान म्हणावे की अज्ञानाची कबुली, हे वाचकांनीच ठरवावे.

प्रमाण काढावयाचे तर घटनांच्या संख्येला धुंडाळलेल्या अवकाशाने व काळाने भागावे लागते. आणि क्षीण संकेत गोंगाटातून किती दूरवरचा ओळखता येतो यावर ते अवकाश अवलंबून असते. येथे पुण्याच्या आयुकेतील संजीव धुरंधर यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. १९९१ मध्येच त्यांनी सत्यप्रकाश यांच्यासह, संमीलित होणाऱ्या युग्मांचे संकेत हुडकण्यास कोणते नमुने व किती अंतराने निवडावेत, याचे गणित मांडले. या कार्याचा उल्लेख प्रमाणाच्या चर्चेत क्वचितच होतो, हे अन्यायाचे आहे.

लायगोच्या पहिल्या निरीक्षणसत्रात असे एकही संमीलन दिसले नाही. त्या शून्यावरूनही २०१६ मध्ये वरची मर्यादा निघाली : सुमारे ३६००. पुढे ५ व १५ जानेवारी २०२० रोजी दोन संकेत मिळाले आणि २०२१ च्या जूनमध्ये ४५ हा आकडा जाहीर झाला, मर्यादा १२ ते १२०. अन्य गृहीतांनी तोच १३० होत होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील सूचीत मात्र ५ जानेवारीचा संकेत खरा असण्याची संभाव्यता निम्म्याहूनही कमी भरली. म्हणजे दोहोंपैकी एक आधार डळमळला. तो संकेत मुख्यत्वे एकाच यंत्राने टिपला होता. २९ मे २०२३ चा संकेतही एकट्या लिव्हिंग्स्टनच्या यंत्राने नोंदविला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथील वेधशाळेच्या उभारणीस मंजुरी दिली होती.