पुतळीची माळ आणि व्हेनिसचं नाणं

सदाशिव पेठेतून लक्ष्मी रोडला गेलं की सराफाच्या काचेत पुतळ्यांची माळ दिसतेच. या पुतळीचं मूळ इटलीत आहे, खरंच!

व्हेनिसने १२८४ मध्ये डुकाट पाडायला घेतला. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोज, म्हणजे तिथला प्रमुख, दुसरीकडे येशू. १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडालं, तोवर वजन आणि चित्र जवळपास तेच. पाचशे वर्षं एकही ब्रेकिंग चेंज नाही! म्हणून मसाल्याच्या व्यापारातून ते इकडे आलं तेव्हा लोकांनी डोळे झाकून घेतलं. पुढे आपल्या सोनारांनी नकला केल्या, त्यांवर देवही आणले.

गुंतवणूकदाराला पुतळी म्हणजे वजन. वितळवली की हिशोब संपला. संग्राहक डोजचं नाव वाचतो आणि कडी डाकलेली दिसली की नाक मुरडतो. त्यामुळे आजीची माळ मोडायला निघालात, तर आधी मोबाइलने झूम करून बघा. रोमन अक्षरं नीट लागली, तर नाणेतज्ज्ञाला दाखवा. वेडीवाकडी असली, तर बहुतेक इथलीच नक्कल. मला तर तीच जास्त आवडते.