‘ब्रेक फेल’ म्हणजे नेमके काय? बोरघाटाने शिकवलेले निदान

१/
पुण्याची नारायण पेठ समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसली आहे. मुठेकाठच्या या पेठेतून मुंबईला निघालेल्या प्रत्येक वाहनाला, मग तो टांगा असो, आगगाडी असो वा मोटार, ही सारी उंची वाटेत कोठेतरी उतरावीच लागते. ती उतरण्याची जागा म्हणजे बोरघाट. ‘ब्रेक फेल झाले’ या शब्दांआड कोणती कारणे दडलेली असतात, हे शोधण्याची विद्या महाराष्ट्रात प्रथम याच घाटात कसाला लागली.

२/
आधी थोडे गणित. एक टन वजनाची मोटार ५५० मीटर खाली आली, की सुमारे ५४ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सोळा लिटर थंड पाणी उकळीला आणण्यास एवढी उष्णता पुरते. यातील काही वाटा हवेचा विरोध आणि इंजिन घेतात. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या माथी येते. ब्रेक वेग ‘नाहीसा’ करत नाही, तो वेगाची उष्णता करतो. पुढील सर्व घटनांची किल्ली या एका वाक्यात आहे.

३/
बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, जीआयपी रेल्वेचा घाटमार्ग सुरू झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या आराखड्यात २५ बोगदे होते आणि सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट असा होता. मार्गात एक ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होते : गाडी एका टोकाशी येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूस जोडले जाई आणि प्रवास उलट दिशेने सुरू होई.

४/
म्हणजे उतरणारी गाडी त्या टोकाशी थांबलीच पाहिजे, ही या रचनेची अट होती. त्या काळी गाडीचे ब्रेक मुख्यतः माणसांच्या हातांत होते. इंजिनाच्या शिटीचा इशारा मिळताच ब्रेकच्या डब्यातील माणूस स्क्रू फिरवून ठोकळे चाकांवर आवळी. जानेवारी १८६९ मध्ये उतरणाऱ्या मेल गाडीला ब्रेक आवरू शकले नाहीत. ती रिव्हर्सिंग स्टेशनच्या टोकाचा अडथळा तोडून पुढे गेली. उतारावर वेग एकदा हाताबाहेर गेला, की नंतर लावलेल्या जोराचा उपयोग फारसा उरत नाही, हे त्या अपघाताने दाखवले.

५/
यावरील एक उपाय घाटात आजही दिसतो. मंकी हिल आणि ठाकूरवाडी येथे उतरणाऱ्या गाड्या तपासणीसाठी थांबतात. तेथील सांधा मुख्य मार्गाकडे नव्हे, तर चढावर जाणाऱ्या ‘कॅच सायडिंग’कडे वळवलेला असतो. गाडी थांबली तरच पुढचा मार्ग मिळतो. न थांबल्यास ती चढावर जाऊन आपोआप मंदावते. ब्रेक चांगले आहेत असे गृहीत धरायचे नाही, ते सिद्ध करायचे, असा या व्यवस्थेचा अर्थ.

६/
दुसरा उपाय सातासमुद्रापलीकडून आला. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्येच हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले आणि पुढे तीन वर्षांनी त्याची स्वयंचलित आवृत्ती काढली. तिची कल्पना उफराटी होती : नळीतील हवेचा दाब ब्रेक लावत नाही, तो ब्रेक सोडून धरतो. नळी फुटली, डबे सुटले, तर दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. जून १८८९ मध्ये आयर्लंडातील आर्मा येथे इंजिनापासून सोडवलेले डबे उतारावरून मागे घसरले आणि सुमारे ८० जण दगावले. त्यानंतर ब्रिटनने प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचे केले.

७/
तिसरा उपाय विजेसोबत आला. १९२९–३० च्या सुमारास घाटात विद्युत इंजिने धावू लागली आणि नव्या मार्गामुळे रिव्हर्सिंग स्टेशन वगळले गेले. मालगाड्यांसाठी आणलेल्या, रेल्वेच्या माणसांनी ‘खेकडा’ असे नाव दिलेल्या इंजिनांत एक विशेष सोय होती. उतारावर त्यांच्या मोटारी जनित्राचे काम करीत. गाडी रोखली जाई आणि वीज तारेत परत जाई. उताराचा भार ब्रेकच्या ठोकळ्यांवर न टाकता यंत्राने पेलायचा, हा धडा मोटारचालकासाठीही तितकाच मोलाचा आहे.

८/
आता मोटारींकडे वळू. प्रारंभीच्या मोटारींत पेडलचा जोर दांड्या आणि तारा यांच्यामार्फत चाकांपर्यंत पोहोचे. एखादी तार सैल असली, की गाडी एका अंगाला ओढली जाई. माल्कम लॉकहीड यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक विकसित केले. द्रव सर्व दिशांना सारखाच दाब देतो, त्यामुळे चारही चाकांना समान जोर मिळू लागला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात बांधलेल्या फियाट मोटारी याच पद्धतीच्या, चारही चाकांना ड्रम असलेल्या होत्या.

९/
परंतु या द्रवाला, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘ब्रेक ऑइल’ला, एक खोड आहे : ते हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले, की ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकजवळ असे ऑइल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल खालपर्यंत जाते आणि गाडी थांबत नाही.

१०/
येथे निदानाचा पहिला प्रश्न उभा राहतो : पेडल मऊ होते की कडक? मऊ असेल तर संशय ऑइलवर, नळीत शिरलेल्या हवेवर किंवा गळतीवर. पेडल घट्ट असूनही गाडी मंदावत नसेल, तर लायनर किंवा पॅड अति तापून त्यांची पकड गेलेली असते. अवाजवी जोर लावावा लागत असेल, तर बूस्टरला इंजिनाकडून मिळणारी निर्वात ओढ तुटलेली असू शकते. तक्रार एकच, ‘ब्रेक लागत नाहीत’. आजार मात्र तीन आणि उपचारही तीन.

११/
इतर लक्षणेही बोलकी असतात. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे आतले रबर झिजलेले असते. गाडी एका बाजूस ओढत असेल, तर त्या जोडीतील एखादे चाक कमी धरते : लायनरवर तेल आले असेल किंवा कॅलिपर जाम झाला असेल. पेडल थरथरणे म्हणजे बहुधा डिस्क असमान झिजणे. धातूवर धातू घासल्याचा आवाज आला, तर पॅड संपले.

१२/
दुरुस्तीचे नियमही याच तर्कातून येतात. लायनर किंवा पॅड एकाच चाकाचे बदलत नाहीत. समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे बदलतात, अन्यथा गाडी ओढू लागते. नळीत हवा शिरली असेल, तर एकजण पेडल दाबतो, दुसरा चाकाजवळचा निपल सैल करून हवा बाहेर काढतो आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल पुन्हा बंद करतो. ब्रेक ऑइल ठरावीक मुदतीने बदलायचे असते. पातळी भरलेली दिसली म्हणून ते चांगले आहे असे नसते.

१३/
बोरघाटाचा धडा पुण्याच्या दक्षिण वेशीवर पुन्हा समोर आला. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रज बोगद्याकडून येणाऱ्या लांब उतारावर, नवले पुलाजवळ, एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. प्रथम चर्चा ‘ब्रेक फेल’ची झाली, पुढे तपासातून चालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याची बाब समोर आली. इंजिन बंद म्हणजे गिअरचा रोध गेला आणि हवेच्या ब्रेकला दाब पुरवणारा कंप्रेसरही थांबला. थोडे डिझेल वाचवण्यासाठी साऱ्या उताराचा भार एकट्या ब्रेकवर टाकला जातो.

१४/
पुण्यातच १९६६ पासून कार्यरत असलेली ‘एआरएआय’ ही संस्था वाहनांच्या ब्रेकच्या चाचण्या घेते. आज मोटारींत ब्रेकच्या द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. तरीही घाटाची उंची तीच आहे आणि टनामागची ५४ लाख ज्यूल ऊर्जाही तीच. ज्या गिअरमध्ये घाट चढावा, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम म्हणजे खेकडा इंजिनाचेच तत्त्व. ‘ब्रेक फेल’ हे अपघाताच्या शेवटच्या क्षणाचे नाव आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा घाटमाथ्यावरच, किंवा त्याआधी गॅरेजात, ठरून गेलेले असते.